नळाची चप्पल

आमच्या वार्झेआ फ्रिया गावात प्रत्येक न्हाणीघरात नळाशेजारी एक रबरी चप्पल दोरीने टांगलेली असते. एकच, जोडी नाही. शॉवर चालू असताना नळाला हात लावायचा झाला तर तो चपलेने लावायचा, हे आमच्याकडे पोरांना प्रार्थनेच्या आधी शिकवतात. पाद्रीबाबांच्या न्हाणीघरातही ती आहे. मागे बिशप मुक्कामाला आले होते तेव्हा त्यांच्यासाठी नवी कोरी, पांढरी आणली होती. चप्पल कशाला, असं गावात कोणालाही विचारा, नळ चावतो म्हणून, असं उत्तर मिळेल. नळ का चावतो हे मात्र कोणी विचारत नाही. पाणी ओलं का असतं हेही कोणी विचारत नाहीच.

नळ चावायचं कारण म्हणजे माझा कोंपादरे वाल्दोमीरो. तो गावचा वायरमन आणि मी न्हावी, ओलेगारियो. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून तो मला कोंपादरे म्हणतो आणि मी त्याला. या नात्यात माणसाचं पाठीमागे वाईट बोलायचं नसतं. म्हणून मी पंचवीस वर्षं तोंडावर बोलत आलो. त्याचा उपयोग काडीचा झाला नाही, हे कबूल करतो.

त्याचं नाव झालं ते तीन भोकांच्या सॉकेटमुळे. सरकारने एके वर्षी फर्मान काढलं की यापुढे सॉकेटला तीन भोकं हवीत, तिसरं अर्थिंगचं. गावातल्या घरांत तारा दोनच. एक वीज आणणारी, दुसरी ती परत नेणारी, जिला न्यूट्रल म्हणतात. तिसरी तार आणायची तर मीटरजवळच्या जमिनीत पुरलेल्या सळईपासून थेट न्हाणीघरापर्यंत भिंती फोडायला हव्यात. आणि भिंतींवर कोणाच्या आईने लग्नात आणलेल्या निळ्या फुलांच्या फरश्या. बायकांनी साफ सांगितलं, सरकारला हवं तर सरकारने आपल्या न्हाणीघरात फोडाफोड करावी.

तेव्हा वाल्दोमीरोने आपला पूल शोधून काढला. बोटभर तारेचा तुकडा घ्यायचा, सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत जोडायचा, झाकण लावायचं. ना धूळ, ना खणणं. कपातली कॉफी निवायच्या आत काम फत्ते. वर तो खिशातून तीन दिव्यांचा टेस्टर काढून सॉकेटमध्ये खुपसायचा आणि दिवे कसे लागायला हवेत तसेच लागायचे, कारण त्या बिचाऱ्या टेस्टरला दोन तारा मागे एकमेकींच्या गळ्यात पडल्यात हे कळायचं काहीच साधन नाही. घरातली मंडळी दिव्यांकडे देवाच्या मूर्तीकडे पाहावं तसं पाहायची. मग वाल्दोमीरोला चीज आणि पेरूची वडी मिळायची, सोबत पुढच्या घरचा पत्ता.

सरकारने आणखी एक वस्तू सक्तीची केली होती. वीज कुठे भलतीकडे गळायला लागली तर खटकन बंद होणारा छोटा स्विच. पण वाल्दोमीरोचा पूल असलेल्या घरात तो बसवला रे बसवला की पडायचा. पुन्हा वर केला की पुन्हा पडायचा. “नाजूक आहे,” वाल्दोमीरो म्हणायचा. “शहरी माल. जरा काही झालं की चक्कर येते.” तो स्विच काढून घरी न्यायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा भरून जड झाला तेव्हा त्याने त्याच्या कामाच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवला. अख्ख्या गावात खरं बोलणारी वस्तू तेवढी एकच होती, आणि ती दाराला टेकू म्हणून बसली होती.

पत्र्याला हात लावला की हाताला येणाऱ्या मुंग्यांची सवय व्हायला गावाला वेळ लागला नाही. करंट ताजा असला की मुंग्या येतात, असं वाल्दोमीरोने सांगितलं आणि लोकांना ते पटलं. त्याच्या घरासमोर दोना कितेरियाचं किराणा दुकान. आमच्याकडे बाईला मानाने दोना म्हणतात, बाप्याला सेउ. तिच्या फ्रिजच्या दांड्याला संध्याकाळी अशा काही मुंग्या यायच्या की गुडघेदुखीवाले रांग लावायचे. मी स्वतः पाय घेऊन गेलोय. माझा अंगठा सुजलेला असतो, म्हणून मी बारा महिने रबरी चपलांत वावरतो. कितेरियाने मला चपला काढायला लावल्या, दांडा धरायला लावला आणि विचारलं, “आलं का बरं?” मी म्हटलं, “हाताला मुंग्या आल्या, पायाला काही नाही.” ती म्हणाली, “श्रद्धा कमी पडली, सेउ ओलेगारियो.”

खुद्द वाल्दोमीरोच्या घरात कोण आंघोळ करतंय हे फ्रिजला विचारावं लागायचं. त्याची आई, दोना झुल्मीरा, वय चौऱ्याऐंशी. रोज संध्याकाळी पाचाच्या ठोक्याला आंघोळ. आमच्या डोंगरात जून म्हणजे ऐन हिवाळा, हाडं गोठतात, आणि शॉवर विजेचा, डोक्यावरच पाणी तापवणारा. तिचा शॉवर पूर्ण जोरावर. एवढी वीज त्या बारक्या न्यूट्रलमधून परत जायला लागली की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा पत्रा चावायचा, आणि मग सगळे म्हणायचे, आजी न्हाणीघरात गेली. झुल्मीराला कधी नळाने डंख मारला की ती आतून ओरडायची, “वाल्दो, चावला.” आणि हा बाहेरून, “काही होत नाही, आई. चपलेने बंद कर.” पंचवीस वर्षं दोघांचं हे रोजचं बोलणं. म्हातारीचा पोरावर विश्वास असा की तो म्हणाला असता नळ गोड आहे, तर तिने चाखून पाहिला असता.

यंदाच्या जूनमध्ये नगरसभेने ठरवलं की वाल्दोमीरोला मानपत्र द्यायचं. कारण लिहिलं होतं की त्याने जोडलेल्या घरांत पंचवीस वर्षांत एकदाही सुरक्षा स्विच पडलेला नाही. हे अगदी खरं होतं. डब्यातला स्विच पडणार कुठे? समारंभ मात्र सभागृहात नको, वाल्दोमीरोच्या घरीच करू, असं नगराध्यक्ष सेउ पेरिक्लिस म्हणाले. सभागृहाचं वायरिंगही वाल्दोमीरोचंच, आणि तिथला माइक बोलणाऱ्याच्या ओठांना चावतो. गेल्या अर्थसंकल्पाचं भाषण त्यांनी माइक फडक्यात गुंडाळून केलं होतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी वाल्दोमीरोची मुलगी इव्होनेते घरी आली. माझी धर्मकन्या. शहरात तांत्रिक शाळेत विजेचंच शिकते, बापाचं नाव पुढे चालवायला. आली ती पिशवीतून मोजायचं यंत्र काढूनच. आम्ही दुपारी मक्याची खीर खात बसलो होतो आणि पोरगी फ्रिजपासून नळापर्यंत, नळापासून पत्र्याच्या स्विचपेटीपर्यंत यंत्राच्या सुया टेकवत हिंडत होती. मग व्हरांड्यात स्टुलावर चढून छपराखाली तिने बोट दाखवलं. मीटरकडून घरात येणारी तार तिथे दुसऱ्या तारेला पीळ देऊन जोडलेली होती. एक तांब्याची, एक अॅल्युमिनियमची. वरून काळी टेप, आणि टेपमधून पांढरी-हिरवी बुरशी बाहेर आलेली.

“पप्पा, हा सांधा कोणी केला?”

“मीच. उरलेली तार होती.”

“हा न्यूट्रल आहे. हा सुटायला आलाय.”

“पंचवीस वर्षं सुटायलाच आलाय.”

तेव्हा ती स्टुलावरून उतरली आणि तिने जे सांगितलं ते मी न्हावी असूनही समजलो, म्हणजे ते सोपं होतं. न्यूट्रल ही वीज परत जायची वाट. अर्थिंग ही संकटात पळायची वाट, ती एरवी रिकामी ठेवायची. दोघींची गाठ एकदाच मारायची, बाहेर मीटरपाशी सळई पुरली आहे तिथे. तिथून पुढे घरभर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही. पप्पांनी प्रत्येक सॉकेटमागे आणि शॉवरमागे गाठ मारून ठेवलीय. आता हा सांधा सुटला, तर परत जायला निघालेली वीज पुलावरून उलटी फिरेल आणि फ्रिजच्या पत्र्यात, नळात, पेटीच्या दारात येऊन उभी राहील. मुंग्या नाहीत, पुरी वीज.

“आणि सगळ्यात वाईट काय माहितेय?” ती म्हणाली. “दिवे जातील. शॉवर गार पडेल. सगळ्यांना वाटेल वीज गेली. म्हणून बिनधास्त हात लावतील.”

वाल्दोमीरोने खिरीचा चमचा वाटीत ठेवला. “चार पुस्तकं वाचून बापाला शिकवायला आलीस?”

“निदान आजीच्या शॉवरमागचा तुकडा तरी आज काढा.”

“आज? उद्या मानपत्र आहे, आणि आज मी माझ्याच घरातला पूल काढू? लोक काय म्हणतील, त्याचा त्यालाच भरवसा नाही? मग दोनशे घरं मला जाब विचारतील.”

“विचारू देत.”

“तुला बोलायला काय जातंय,” वाल्दोमीरो म्हणाला, आणि ते त्याच्या पोटातून आलं. त्याच्याकडे ना शेत, ना दुकान. त्याच्याकडे होतं ते एवढंच, की वाल्दोमीरो आला की घराला घोर नाही. ते नाव गेलं तर मागे पक्कड उरते. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मी म्हटलं, “कोंपादरे, पोरगी बरोबर बोलतेय.” तो म्हणाला, “तू दाढ्या कर.”

इव्होनेते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत गेली. जाताना मला म्हणाली, “धर्मपिता, मला तिथे उभं राहून टाळ्या वाजवता येणार नाहीत. तुम्ही आजीकडे लक्ष ठेवा.” मी हो म्हटलं. लक्ष ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मी विचारलं नाही.

दुपारी वाल्दोमीरोने घर आवरायला घेतलं. फोटो काढणारा येणार होता. घर दाखवताना न्हाणीघराचं दार उघडं राहिलं तर? मानपत्रवाल्या वायरमनच्या नळाशेजारी चप्पल टांगलेली दिसली तर? त्याने दोरी कापली आणि चप्पल कपाटामागे फेकली. मी पाहत होतो. मी काही बोललो नाही, कारण त्याच क्षणी त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं होतं.

“कोंपादरे, आजच्या दिवशी तरी बूट घालायचे होतेस.”

“बुटात अंगठा मावत नाही.”

“मग मागे उभा राहा. फोटोत पाय येऊ देऊ नकोस.”

नगरसभा साडेचारला येणार होती, ती पाचला दहा मिनिटं असताना आली. व्हरांड्यात खुर्च्या, टेबलावर चीजचे गोळे, पेरूची वडी आणि काशासाची, म्हणजे उसाच्या दारूची, बाटली. सेउ पेरिक्लिस छातीवर नगराध्यक्षाचा मानाचा पट्टा आडवा घालून, दोना कितेरिया रस्त्यापलीकडचं दुकान उघडंच टाकून, शिवाय गुडघेदुखीवाले सगळे. पाच वाजले आणि दोना झुल्मीरा टॉवेल घेऊन उठली.

“आई, आज थोडं उशिरा कर. पाहुणे आलेत.”

“पाहुणे पाचला आले तो पाहुण्यांचा प्रश्न आहे. माझी आंघोळ पाचलाच असते,” ती म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन तिने आतून कडी लावली.

सेउ पेरिक्लिस उभे राहिले. त्यांनी मानपत्र उलगडलं. “ज्यांच्या हातांनी या गावाला निर्धास्त झोप दिली,” इथवर ते आले आणि व्हरांड्यातला दिवा एकदा मिचकावला. मग गेला. आतला रेडिओ बंद पडला.

“वीज गेली,” सेउ पेरिक्लिस म्हणाले. लोक हसले. वायरमनच्या मानपत्राच्या वेळी वीज जावी, याच्यावर कोणीतरी एक गंमत केली, ती मला आठवत नाही. कारण मी वाल्दोमीरोकडे बघत होतो आणि तो रस्त्यापलीकडे बघत होता. कितेरियाच्या दुकानात दिवा लख्ख जळत होता.

त्याने मान वर करून छपराखालच्या सांध्याकडे पाहिलं. टेप सुटून लोंबत होती.

आतून झुल्मीराचा आवाज आला. “वाल्दो, दिवा गेला. पाणी बर्फासारखं पडतंय. मी नळ बंद करते.”

“आई, नळाला हात लावू नको.”

“काय?”

“नळाला हात लावू नको.”

“अरे, गारठले मी. आणि चप्पल कुठेय? इथे नाहीये. राहू दे, वीजच गेलीय, आता काय चावतोय.”

वाल्दोमीरो दारावर जाऊन आदळला. शिसवीचं दार, त्याच्या आजोबांनी बसवलेलं, ते हललंही नाही. तो नगरसभेसमोर, फोटोवाल्यासमोर, कितेरियासमोर ओरडत होता, “आई, त्याच्यात वीज आहे. आई, ऐक.”

“तूच तर म्हणतोस, काही होत नाही.”

त्याने कपाळ दाराला टेकवलं. मग तो रडक्या आवाजात म्हणाला, “मी खोटं बोलत होतो, आई. पंचवीस वर्षं. तुझ्या पाया पडतो, नळाला हात लावू नको.”

आत पाणी पडत होतं. बाकी काही नाही. मग म्हातारी म्हणाली, “बरं. नाही लावत. पण लवकर कर.”

तो व्हरांड्यातल्या स्विचपेटीकडे धावला. पेटी पत्र्याची. त्याचा हात दारापर्यंत गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. हात लागला नव्हता, पेटीच्या दारातही वीज आहे हे आठवलं होतं. पायात नवे चामड्याचे बूट, हातात काही नाही. मग त्याची नजर माझ्या पायांवर पडली. काही न विचारता त्याने माझा सुजलेला पाय धरून वर उचलला, चप्पल ओढून काढली, मी सेउ पेरिक्लिसांच्या अंगावर कोसळलो. त्याने चपलेच्या टोकाने पेटीचं दार उघडलं आणि तिच्याच फटक्याने मुख्य स्विच खाली पाडला.

“आता लाव, आई,” तो म्हणाला, आणि तिथेच जमिनीवर बसला.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने झुल्मीरा टॉवेल गुंडाळून, केसांत साबण, दातावर दात वाजवत बाहेर आली. तिने नगरसभेकडे पाहिलं, पोराच्या हातातल्या चपलेकडे पाहिलं आणि आपल्या खोलीत गेली.

सेउ पेरिक्लिसांना काय करावं सुचेना. हातात मानपत्र, शिक्का मारलेलं. ते म्हणाले, “मंजूर झालंय तर वाचून टाकतो.” सूर्य डोंगराआड गेला होता, त्या अंधारात त्यांना अक्षर लागेना, म्हणून कितेरियाच्या दुकानातून टॉर्च आणला आणि त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. चीजचे गोळे संपले.

दुसऱ्या दिवसापासून वाल्दोमीरोने आपल्या घराच्या भिंती फोडल्या. इव्होनेते बसने आली आणि बापलेकीने मीटरपासून न्हाणीघरापर्यंत तिसरी तार ओढली. निळ्या फुलांच्या सतरा फरश्या फुटल्या. मग तो बिस्किटांचा डबा काखेत मारून दारोदार फिरू लागला, पूल काढून स्विच परत बसवायला. लोकांनी त्याला दारातच अडवलं. फरश्या फोडायच्या नाहीत, म्हणाले. पंचवीस वर्षांत कोण मेलं, म्हणाले. म्हातारीच्या आंघोळीपायी माणूस भ्रमिष्ट झाला, असंही म्हणाले. कितेरियाने काढू दिला, पण मुंग्या गेल्यावर गुडघेवाले भांडायला आले तेव्हा तिने शेजारच्या गावातून दुसरा वायरमन बोलावून पूल परत बसवून घेतला. डबा अजून अर्धा भरलेला आहे. दाराला आता तो वीट लावतो.

त्याच्या घरात सगळं ठीक आहे, असं इव्होनेतेचं यंत्र सांगतं. फ्रिज चावत नाही. चप्पल परत टांगलेली नाही, तिची गरजच नाही. तरी रोज पाचला पाच मिनिटं असताना वाल्दोमीरो जिथे असेल तिथलं काम टाकून घरी येतो. अर्धी दाढी झालेली असताना त्याला माझ्या खुर्चीतून उठून जाताना मी पाहिलंय. झुल्मीरा टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी असते. तो शॉवर सोडतो, पाण्याखाली हात भिजवतो आणि उघड्या हाताने नळ धरतो.

म्हातारी बघत राहते. मग म्हणते, “अजून थोडा वेळ धर.”

आणि तो धरून उभा राहतो.